शेवेचं तेल आणि पाच कॅन

फरसाणवाल्याकडचं जळकं तेल घरात आणून ठेवलं की त्याचा वास पडद्यांना लागतो, उशांना लागतो, केसांना लागतो, आणि मग मी शिकवते त्या शाळेत शेजारच्या वर्गाच्या बाई विचारतात, "आज भजी केली होतीत का?" मला रोज विचारायच्या. एकदा मी फटकन म्हटलं, "हो, आंघोळीच्या पाण्यात सोडली होती." त्यानंतर विचारणं बंद झालं. माझा स्वभाव तापट आहे, हे मीच सांगून टाकते. मनात आलं की ओठावर आलंच. आयुष्यात एकदाच मी आठ दिवस तोंड मिटून बसले, आणि ते नेमकं नको तेव्हा.

आम्ही बडोद्याच्या कारेलीबागेत एका टेनामेंटात, म्हणजे लहानशा बैठ्या घरात, राहायचो. पुढे दोन कुंड्या आणि स्कूटर, मागे भांडी घासायची चोकडी आणि तिला लागून थोडी मोकळी फरशी. आमचे हे एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. आलेल्या मालाचा, गेलेल्या मालाचा नमुना काढायचा, तपासायचा, आकडा लिहून सही करायची, हे काम पंचवीसएक वर्षं केलं. बोलणं कमी, हात स्थिर, आणि नजर अशी की दुधात पाणी आहे हे पातेल्याकडे बघून सांगायचे. दूधवाला त्यांना टाळून मला हाक मारायचा.

मग ते दिवस आले. कारखान्याचे मालक बदलले, यंत्रं बदलली, नमुने बाहेर पाठवायचं ठरलं आणि पन्नाशीच्या आतबाहेरच्या लोकांना व्हीआरएस दिली. बडोद्यात तेव्हा गल्लीगल्लीत एकेक असा माणूस होता. सकाळी बागेत फिरायला गेलं तर बाकांवर सगळे तेच, हातात पेपर आणि बोलायला विषय नाही. आमचे हे बागेतही जायचे नाहीत. दीड वर्ष घरात बसले. दाढी एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड. पेपर सकाळी वाचायचा, दुपारी वाचायचा आणि संध्याकाळी त्यातल्या टेंडरच्या जाहिराती वाचायच्या. आमटी तोंडात घालून म्हणायचे, "मीठ पॉइंट दोननं जास्त आहे." मी म्हणायची, "मग सही करू नका." हसायचे नाहीत. एरवी हसले असते. मला फार काळजी वाटायची आणि काळजी वाटली की मी चिडते, त्यामुळे घरात दोन्ही बाजूंनी आनंदच होता.

अशात बडोद्याजवळच्या सावली गावच्या एका शेठचा फोन आला. त्यांची तिथे लोखंडी भागांची शेड होती, पूर्वी कधी नमुने घेऊन आमच्या यांच्या प्रयोगशाळेत यायचे, तेव्हाची ओळख. तळणाच्या वापरलेल्या तेलापासून डिझेल बनवता येतं, असं त्यांनी गुजराती पेपरात वाचलं होतं. लाइट रोज जायची, जनरेटर डिझेल ढोसायचं. शेठ घरी आले, चहाची बशी हातात धरून म्हणाले, "साहेब, तमे एक बॅच करून दाखवा. दसऱ्यानंतर. माझं जनरेटर सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यावर चाललं, तर शेडचा मागचा भाग तुमचा. तेलाचं सगळं तुम्हीच बघायचं." आमच्याशी ते असंच बोलायचे, अर्धं मराठी, अर्धं गुजराती, आणि दोन्ही गोड.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला न्हाणीघरातून गुणगुणण्याचा आवाज आला. हे दाढी करत होते. मी कणीक तिंबत होते ती तशीच थांबले. बरं वाटलं म्हणजे काय, डोळ्यांत पाणीच आलं. शेडमधलं काम मिळो न मिळो, हा दाढी करणारा माणूस घरात राहू दे, एवढंच मागणं मी तेव्हा देवापाशी केलं.

तेल निजामपुऱ्यातल्या एका फरसाणवाल्याकडून यायचं. नवरात्र लागलं की त्याच्या कढया दिवसभर उतरत नसत, त्यामुळे तेलाला तोटा नव्हता. काळंकुट्ट, तळाशी शेवेचा भुगा, मिरचीच्या बिया. डिझेल करणं हे पुढचं आणि सोपं काम, असं हे म्हणायचे. खरी मेहनत आधी तेल त्या लायकीचं करण्यात. माझ्या जुन्या सुती साडीचे चार पदर करून त्यातून गाळायचं. मग पिंपात घालून तापवायचं, आतलं पाणी उडून जाईपर्यंत. मग हलवायचं नाही, झाकून ठेवायचं, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं तेवढं काढायचं. पाणी गेलं की नाही हे बघायला तापल्या तव्यावर दोन थेंब टाकायचे. तडतडलं तर पाणी आहे, गप्प राहिलं तर तेल कोरडं. ही परीक्षा मला आवडायची, कारण ती मलाही कळायची.

दुसरी परीक्षा त्यांची. तळून तळून तेल आंबतं, ते किती आंबलंय हे मोजायचं. थोडंसं तेल काचेच्या फ्लास्कमध्ये स्पिरिटात विरघळवायचं, त्यात औषधाचे दोन थेंब, आणि वरून ब्युरेटच्या नळीतून कॉस्टिक सोड्याचं पातळ पाणी थेंब थेंब सोडायचं. काही होत नाही, काही होत नाही, आणि एका थेंबाला सगळं फिकं गुलाबी होतं. तो थेंब पकडायचा. तिथे जो आकडा येईल त्यावर पुढचं सगळं प्रमाण. फार आंबट निघालेलं तेल हे बाजूला ठेवायचे. त्याला आधी तेजाब, म्हणजे ॲसिड, देऊन ताळ्यावर आणावं लागतं, आणि तेजाबाचं काम राहत्या घरात करायचं नाही, ते सावलीच्या शेडमध्ये, असा त्यांचा नियम. मला म्हणाले, "दोन गोष्टी लक्षात ठेव. पाणी आणि आंबटपणा. यांतलं एक जरी चुकलं तर डिझेल होत नाही, साबण होतो." मी म्हटलं, "साबण झाला तर निदान घासायला येईल." या वेळी मात्र हसले.

पाच कॅन आणले होते, पांढरे, वीस-वीस लिटरचे, वर पोकळ मूठ असलेले. तयार झालेलं कोरडं तेल त्यात भरून चार दिवस ठेवायचं होतं. यांनी ते उन्हात वाळवले, तोंडात वर्तमानपत्राचे बोळे घातले आणि चोकडीच्या भिंतीला ओळीनं लावून ठेवले.

आता खंडेनवमीचं सांगायला हवं. यांच्या घरातली माणसं पिढ्यान् पिढ्या संस्थानच्या नोकरीत. पुढे संस्थान गेलं, खंडेनवमी राहिली. त्या दिवशी घरातली हत्यारं पुजायची. एक बोथट तलवार होती, तिच्याबरोबर अडकित्ता, विळी, सासऱ्यांची मोजपट्टी, त्यांचं पेन. माझ्या सासूबाईंची शिस्त कडक. न धुतलेल्या वस्तूला गंध लावायचं नाही. वस्तू आतून-बाहेरून धुवायची, पुसायची, मग पाटावर. लग्न होऊन आले त्या वर्षी मी कात्री नुसती पुसून ठेवली होती तर त्यांनी ती पाटावरून उचलून माझ्या हातात परत दिली. तेव्हापासून मी कधी चुकले नाही.

यांची नोकरी होती तोवर पाटावर यांचं असं काही नसायचं. काचेची नळी कारखान्याची, तराजू कारखान्याचा, त्यांची पूजा तिकडे. व्हीआरएसनंतरच्या पहिल्या नवमीला तर हे पाटाजवळ आलेच नाहीत. म्हणून त्या वर्षी माझ्या मनात आलं की यांची हत्यारं मांडायची. हे सकाळी सावलीला शेड बघायला गेले होते. मला शाळेला सुट्टी. मी ब्युरेट काढली, फ्लास्क काढले, थर्मामीटर, तो तवासुद्धा. सगळं धुतलं, पुसलं. मग कॅनकडे वळले. बोळे काढले, पाचही कॅन नळाखाली धरून आतून दोन-दोनदा खळखळून विसळले, मागच्या फरशीवर उपडे घातले, तासाभरानं उचलले, बाहेरून कोरड्या फडक्यानं पुसले, नवीन पेपरचे बोळे करून घातले. सवयीचे हात. भांडं घरात आलं की विसळायचं, पूजेला लावायचं तर नक्कीच विसळायचं, यात विचार करण्यासारखं काय असतं? मला त्या दोन परीक्षा तोंडपाठ होत्या. तरी त्यातलं पाणी आणि माझ्या नळाचं पाणी एकच, हे डोक्यात आलं नाही. आपण इतके बावळट असतो.

दुपारी हे आले. पाट मांडलेला, तलवारीशेजारी ब्युरेट, मागे पाच कॅन, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं. बघत उभे राहिले. चपला काढायला विसरले होते, त्या मागे जाऊन काढून आले. मग पाटासमोर बसून डोकं टेकलं. किती तरी वेळ वर उचललं नाही. मला म्हणाले, "तू केलंस हे सगळं?" मी म्हटलं, "नाही, शेजारच्या बेन करून गेल्या."

दुसऱ्या दिवशी दसरा. मुहूर्त म्हणून यांनी पिंपातलं तेल कॅनमध्ये भरलं. भरण्याआधी पिंपातून एक बाटली नमुना काढून, चिठ्ठी लावून, कपाटात ठेवली. ही प्रयोगशाळेची सवय. माल गेला तरी त्याचा नमुना हाताशी पाहिजे. पाचव्या दिवशी सकाळी मागची फरशी मोकळी केली, मला आत जायला सांगितलं, दार लावून घेतलं. तेल मोठ्या पिंपात ओतलं, मिथेनॉलमध्ये कॉस्टिक विरघळवून त्यात घातलं, ढवळत बसले. सोसायटीत कोणाकडे तरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मी पोह्यांची बशी घेऊन खिडकीशी उभी होते.

तासाभरानं खरं तर वर पातळ डिझेल आणि खाली जाड काळा थर दिसायला हवा होता. पिंपात सगळं एकजीव, घट्ट, पिवळट. दांडा उभा केला तर उभाच राहिला. यांनी बोटावर घेऊन चोळलं. फेस आला.

साबण.

यांनी हात धुतले, आत आले, कपाटातली बाटली काढली, तवा तापवला, दोन थेंब टाकले. तवा गप्प. पुन्हा टाकले. गप्प. "पाणी नाही," हे स्वतःशीच म्हणाले. "तेल कोरडं होतं." त्याच क्षणी मला नळाचा आवाज ऐकू आला, कॅनमधला खळखळाट ऐकू आला. उपडा घातला तरी त्या पोकळ मुठीत पाणी अडून राहत असणार, आणि कॅन सरळ केला की ते खाली उतरत असणार, हे मला त्या पोह्यांच्या बशीसकट उभ्या उभ्या कळलं. बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात हे म्हणाले, "पाणी नाही म्हणजे आंबटपणाचा आकडा चुकला. म्हणजे मीच."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी मनात म्हटलं, आत्ता नको, जरा शांत होऊ देत. संध्याकाळी म्हटलं, सकाळी सांगू. पाटासमोर टेकलेलं ते डोकं मला दिसायचं आणि वाटायचं, कोणत्या तोंडानं सांगू की ज्या पूजेनं तुम्ही गहिवरलात तिनंच घात केला? दुसरा दिवस उलटला आणि मग तर कालच का नाही सांगितलं, हाच प्रश्न आधी येऊन बसला. एकदा न बोललं की दुसऱ्यांदा न बोलणं सोपं जातं. मला हे माहीत नव्हतं, कारण मी कधी न बोलता राहिलेच नव्हते.

तोवर हे बाटलीतलं तेल पुन्हा पुन्हा तपासत होते. दिवसातून चारदा, पाचदा. एकदा एक आकडा, एकदा त्याच्या थोडा वर, एकदा थोडा खाली. मन ठिकाणावर नसलं की हात कुठून ठिकाणावर असणार? पण हे तसं समजले नाहीत. खिडकीत फ्लास्क उजेडाला धरून म्हणाले, "मला गुलाबी कधी सुरू होतं ते दिसत नाही आता." डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, चाळिशीचा नंबर थोडा वाढलाय, बाकी डोळे उत्तम. घरी येऊन म्हणाले, "त्याला काय कळतंय त्यातलं?" दुधाच्या पिशवीवरची तारीख मला वाचायला सांगू लागले. दूधवाल्यानं त्यांना हाक मारली तर "बाईसाहेबांना विचार" म्हणून आत निघून गेले. दाढी वाढली.

आठव्या दिवशी मी शाळेतून आले तर जेवणाच्या टेबलावर खोकं. ब्युरेट, फ्लास्क, सगळं पेपरात गुंडाळून त्यात भरत होते. म्हणाले, "तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेला चालतील का बघ. मला आता काही उपयोग नाही."

मी पर्स खाली टाकली आणि सांगितलं. उभ्यानंच, एका दमात, नळापासून बोळ्यापर्यंत.

हे ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. यांनी खुर्ची ओढली, बसले आणि तपासणी सुरू केली. "पाचही कॅन?" पाचही. "किती वेळ उपडे होते?" तासभर. "उन्हात की सावलीत?" सावलीत. "बोळे तेच घातलेस?" नाही, नवे. "म्हणून कोरडेच लागले, मला कळलं नाही," हे म्हणाले. मग हळूहळू तो चेहरा बदलला. "म्हणजे माझा आकडा बरोबर होता," हे म्हणाले. "अगं, बरोबर होता आकडा!" मला हात जोडून माफी मागायची होती आणि हे माझ्याकडे असे बघत होते, जशी मीच काही चांगली बातमी आणली होती. मला रडू फुटलं.

मग म्हणाले, "पण तू आठ दिवस थांबलीस का?"

मी खोक्यातली ब्युरेट काढली आणि तिच्याभोवतीचा पेपर सोडवत बसले.

"आज सकाळीच मी शेठना फोन केला," हे म्हणाले. "सांगून टाकलं की माझ्या डोळ्यांवर आता भरवसा ठेवू नका."

"मग आता पुन्हा करा!"

"काय सांगू? सकाळी डोळे गेले होते, संध्याकाळी आले?"

मी फोन उचलला. माझी गुजराती बाजारात भाव करण्यापुरती, पण त्या दिवशी सगळी कामाला आली. खंडेनवमी सांगितली, कॅन सांगितले, चूक माझी म्हणून तीनदा सांगितलं. शेठनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साबु थई गयो एनो वांधो नहोतो, बेन." साबण झाला त्याचं काही नव्हतं. दुसरी बॅच केली असती, तिसरी केली असती, मी थांबायला तयार होतो. पण साहेबांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं की मला माझ्या नजरेची खातरी नाही. आता तुम्ही सांगता ते खरंच असेल. पण आठ दिवसांत ज्या माणसाची स्वतःवरची खातरी गेली, त्याला मी माझ्या शेडमध्ये तेजाबाजवळ कसा उभा करू? उद्या काही झालं तर? अगदी हळू आवाजात बोलत होते. भल्या माणसासारखे. मी भांडायला आसुसले होते आणि भांडायला जागा नव्हती.

फोन ठेवला. हे मागेच उभे होते.

"काय म्हणाले?"

या वेळी मी थांबले नाही. शेठ जे बोलले ते जसंच्या तसं सांगितलं, तेजाबाचंसुद्धा. हे शेवटपर्यंत ऐकत राहिले, नमुन्याचा कागद वाचल्यासारखे.

"बरोबर आहे त्यांचं," हे म्हणाले. "मीही अशा माणसाला ठेवलं नसतं."

"अहो, पण तुमचे डोळे चांगले आहेत ना!"

"आहेत ना," हे म्हणाले. "ते आपल्या दोघांना माहीत आहे."